दऱ्या, दर्या आणि रोमनचा आग्रह

मराठी रोमन लिपीत लिहावी, देवनागरी संगणकाला झेपत नाही, हा सूर तिकडे महाराष्ट्रात अधूनमधून ऐकू येतोच. जोडाक्षरं टंकताना वेळ जातो, वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात, शोधलेला शब्द सापडत नाही. मग हे ओझं कशाला, बाहेरच्या जगात सगळं रोमनमध्येच चालतं, असं सांगितलं जातं. त्याच बाहेरच्या जगात, जर्मनीत, राहून हे ऐकताना राग येतो. दाखला आमचा द्यायचा आणि तोही चुकीचा!

आधी टंकण्याचं बघू. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर 'दऱ्या' लिहायला पाच कळा लागतात: द, शिफ्ट धरून ऱ, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह), य, काना. रोमनमध्ये डी, ए, आर, वाय, ए. पाचच. शिफ्ट काय ती जास्तीची. त्या एका शिफ्टच्या बदल्यात डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्राचा दर्या वेगळे राहतात. रोमनमध्ये दोन्ही एकच. आचाऱ्यांना द्यायचा निरोप आचार्यांना गेला, तर दोष कुणाचा?

शब्द सापडत नाही ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचं कारण लिपीत नाही. 'दऱ्या' दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक, ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे (ZWJ) हे अक्षरं जोडण्यासाठीचं, न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्राच्या लेखी दोन निराळे शब्द. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक. एकच अक्षर साठवण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा एकसारख्या करणारं त्याचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) एकत्र करून ऱ करतं, पण झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही. त्यातच कुणी मजकूर 'स्वच्छ' करताना अदृश्य चिन्हं सरसकट उडवली, की दऱ्यांचा दर्या होतो. उपाय सोपा आहे: साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा, 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त' घालायचं. काही ओळींचा कोड. तो लिहिला नाही म्हणून लिपी टाकायची?

वेलांट्यांचंही तेच. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर साठवला जायचा, कारण खिळे जुळवावेत तसे नुसते आकार शेजारी ठेवले जात. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: वेलांटी अख्ख्या जोडाक्षरानंतर, रफाराचा र त्याच्याआधी. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारा प्रोग्राम वेलांटी फक्त एक अक्षर ओलांडून थांबला की 'स्थिती'ची 'स्िथती' होते, आणि रफार जागचा हललाच नाही की 'मूर्ती'ची 'मूतीर्'. हे रूपांतर अक्षरावर नाही, पूर्ण जोडाक्षरावर चालवायला हवं. तसं करून घेतलं नाही, तर चुका छापून येणारच.

इथे काय चालतं, तेही सांगते. जर्मनमधल्या एस्त्सेट (ß) या अक्षराला मोठं (कॅपिटल) रूप नव्हतं. ठळक मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं की त्याचे दोन एस व्हायचे आणि मूळ नाव कोणतं ते कळायचं नाही. एका अक्षराचा प्रश्न. तरी लोकांनी तो लावून धरला. २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये मोठा एस्त्सेट आला, २०१७ साली शुद्धलेखनाच्या अधिकृत नियमांत. आणि गंमत नव्हे, अभिमानाने लक्षात ठेवावं असं: त्याच ५.१ मध्ये आपला 'ॲ'ही स्वतंत्र अक्षर म्हणून आला. पासपोर्टवर यंत्रासाठीच्या ओळीत उम्लाउटच्या, म्हणजे दोन टिंबांच्या यूचा (ü) यूई होतो, पण वरच्या ओळीत नाव जसंच्या तसं राहतं. यंत्राची सोय यंत्रापुरती.

जागेचा मुद्दा मान्य. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, रोमनचं एक. एसएमएसमध्ये १६० ऐवजी ७० अक्षरं. पण बहुतेक इमोजींना निदान चार बाइट लागतात आणि त्या कुणी सोडायला सांगत नाही.

आणि हे निव्वळ यंत्राचं काम आहे, असंही नाही. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी कवी होते, सुलेखनकार होते. मराठी ल आणि श हिंदीहून वेगळे दिसतात. फॉन्टमध्ये ती रूपं कुणीतरी रेखाटलेली असावी लागतात आणि वेबपानावर भाषा 'एमआर' (mr, मराठीचा संकेत) अशी नोंदवलेली असावी लागते. दोन्हींतलं एक चुकलं की अक्षर परकं दिसतं.

इतकं का झोंबतं, तेही खरं सांगायला हवं. इथे कागदोपत्री काळ्यांचे काले होतात, कुळकर्ण्यांचे कुलकर्णी, आणि आम्ही हरकत घेत नाही. हळूहळू स्वतःचं नाव सांगतानाही जीभ तशीच वळू लागते. आम्ही जे नाइलाजाने सोडलं, ते तिकडे राहून कुणी आपखुशीने टाकतंय, हे पाहवत नाही. ळ इनस्क्रिप्टवर ल च्याच कळेवर आहे. शिफ्ट धरली की उमटतो.