पाठ्यपुस्तक आधी की निबंध? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

माझ्या शिकवण्यावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि परखड आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता नीट लिहितो. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर मी इतिहासकारांच्या निबंधसंग्रहांतून शिकवतो, त्यामुळे मुलांच्या हाती तुकडे लागतात, असं तुमचं म्हणणं. आधी घटना पक्क्या कराव्यात, मतं नंतर. शिवाय मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना अमेरिकी पंडितांच्या भांडणांशी काय देणंघेणं?

सनावळीशी माझं वैर नाही. १७७६ (स्वातंत्र्याचा जाहीरनामा), १७८७ (राज्यघटना), १८६१ (यादवीची सुरुवात) पाठ हवंच. ते मुलं पाठ्यपुस्तकातून घरी करतात.

पण ‘आधी घटना, मग मतं’ हे काही पटत नाही. कृष्णवर्णीय इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५च्या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात तेव्हाची अमेरिकी पाठ्यपुस्तकं तपासली आहेत. यादवीनंतरच्या पुनर्रचनेबद्दल, म्हणजे बंडखोर दक्षिणी राज्यं संघराज्यात परत घेतली गेली आणि मुक्त झालेल्या काळ्यांना मतदानाचा हक्क मिळाला त्या काळाबद्दल, त्यांत काय होतं? काळे लोक अडाणी, आळशी, उधळे, आणि दक्षिणेतल्या वाईट कारभाराला तेच जबाबदार. अमेरिकेतली पोरं हे ‘घटना’ म्हणूनच घोकत होती. पुनर्रचनेच्या काळातल्या त्याच राज्य सरकारांनी दक्षिणेला मोफत सार्वजनिक शाळा दिल्या, हे ड्यू बॉइस १९१०च्या लेखातच सांगून बसले होते. पाठ्यपुस्तकात मत नसतं असं नाही सर, त्याखाली सही नसते एवढंच.

आता वर्गात काय होतं ते सांगतो. अमेरिकी इतिहासकार रिचर्ड हॉफस्टॅटर यांच्या १९४८च्या निबंधसंग्रहात लिंकनवर निबंध आहे. गुलामांना मुक्त करणाऱ्या लिंकनच्या १ जानेवारी १८६३च्या जाहीरनाम्यात मालाच्या बिल्टीइतकीच नैतिक भव्यता आहे, असं ते त्यात लिहितात. ट्रान्सपोर्टवाल्या घरातला एक मुलगा फिस्सकन हसला. बिल्टीत काय असतं ते त्यानेच वर्गाला सांगितलं. मग मूळ जाहीरनामा उघडला. खरंच यादी! दहा बंडखोर राज्यांची नावं, त्यातही लुइझियानातले परगणे एकेक करून वगळलेले, न्यू ऑर्लिन्ससुद्धा. टेनेसी नाहीच. केंटकी, मेरीलँड ही गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेली राज्यं, त्यांनाही धक्का नाही. मुलं हॉफस्टॅटरच्या बाजूने. तेवढ्यात एका मुलीने खालचा परिच्छेद वाचून दाखवला: मुक्त झालेल्यांना सैन्यात घेतलं जाईल. पुढे सुमारे १,८०,००० काळे सैनिक संघराज्याच्या बाजूने लढले. मग ही नुसती बिल्टी कशी? तास संपला तरी वाद चालूच होता. ‘लिंकनने गुलामगिरी नष्ट केली’ या वाक्याने असा वाद कधी पेटलेला मी तरी पाहिला नाही.

इंग्रजीची अडचण मात्र तुम्ही म्हणता तशी आहेच, आणि मोठी आहे. हॉफस्टॅटरचा उपरोध पहिल्या वाचनात निसटतो. म्हणून अख्खा निबंध देत नाही. चार-पाच पानं देतो, पहिला परिच्छेद मोठ्याने वाचून मराठीत फोडून सांगतो. वेळ खातं हे. त्यापायी राष्ट्राध्यक्ष हूवरवरचं प्रकरण दरवर्षी राहून जातं आणि मला त्याची फारशी खंत नाही.

देण्याघेण्याचं म्हणाल, तर जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली ती १८७३ साली, पुनर्रचना चालू असताना. चारच वर्षांनी, १८७७ साली, वादग्रस्त अध्यक्षीय निवडणुकीवरून दोन पक्षांत तडजोड झाली आणि काळ्यांच्या मतदानाचं संरक्षण वाऱ्यावर सुटलं. ती अर्पणपत्रिका मुलांना शाळेपासून माहीत असते. मग अमेरिकेत पुढे काय झालं, यावर इतिहासकार का भांडतात, हे त्यांनी का विचारू नये?

या पद्धतीतली उणीव मला दिसते ती वेगळीच. हॉफस्टॅटरची बाराही प्रकरणं पुरुषांभोवती फिरतात. म्हणून स्त्रियांच्या इतिहासाच्या अभ्यासक लिंडा केर्बर यांच्या संग्रहातला ‘रिपब्लिकन मदर’बद्दलचा निबंध जोडतो: क्रांतीनंतर स्त्रीला राजकारणात वाटा नाही, पण प्रजासत्ताकाला चांगले नागरिक घडवून देण्याची जबाबदारी तिची. यंदा तो लिंकनच्या आधी घेणार आहे. सवड असेल तर त्या तासाला येऊन बसा, सर.