डायलर सॉफ्टवेअर, नग ६

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, माझ्याबद्दल धादांत खोटी भाषणंही झाली. कॉलेजचं काही देणं उरलं नाही असा ना-देय दाखला तेवढा मिळाला नाही. कारण कॉलेजच्या डेडस्टॉक रजिस्टरात माझ्या नावावर १९९६ सालची एक नोंद निघाली आहे : 'डायल-अप नेटवर्किंग सॉफ्टवेअर, नग ६.' म्हणजे फोन लावून संगणकाला इंटरनेट जोडून देणारा डायलर. प्रत्यक्ष पडताळणीत सहापैकी एकही नग आढळला नाही. हे मला गेल्या मंगळवारी सांगण्यात आलं. दाखला नाही म्हणजे पेन्शनचे कागद पुढे जात नाहीत.

सांगणारा मुलगा भांडार विभागात नवीन लागलेला लिपिक. वय असेल पंचविशीच्या आत. नम्र इतका, की त्याच्याशी धड भांडताही येत नाही.

"सर, फक्त नग दाखवा. मी लगेच टिकमार्क करतो."

"अहो, ते सॉफ्टवेअर आहे. दाखवणार काय?"

"बरोबर सर. पण आलं होतं कशातून?"

"फ्लॉपीतून."

"मग फ्लॉपी दाखवा."

"फ्लॉप्यांना कधीच बुरशी लागली. टाकून दिल्या."

त्याचा चेहरा उजळला. त्यानं दुसरं रजिस्टर उघडलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "त्याची काळजी नको सर. फ्लॉपी उपभोग्य वस्तूंत आहे. खडू, डस्टर, फ्लॉपी. ती संपली तरी चालते. सॉफ्टवेअर जडवस्तूंत आहे. ते संपू शकत नाही."

"मग 'निरुपयोगी' असं लिहा आणि निर्लेखन करून टाका."

"रकाने दोनच आहेत सर. मोडलं, की गहाळ झालं? मोडलं असेल तर तुकडे जमा करायचे. गहाळ असेल तर पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत जोडायची."

मी क्षणभर खरंच विचार केला. ठाण्यात जायचं, हवालदारासमोर बसायचं आणि सांगायचं, साहेब, डायलर चोरीला गेला, रंग माहीत नाही, वजन नाही.

"आणि सर," तो आणखी हळू आवाजात म्हणाला, "मोडेम एकच नग दिसतोय. मग डायलर सहा कसे?"

हा प्रश्न चांगला होता, म्हणूनच मला राग आला. मोडेम म्हणजे संगणक फोनच्या लाइनला जोडणारी डबी. ती एकच होती, कारण एकाच मोडेमला मंजुरी मिळाली. ती एका संगणकाची काढून दुसऱ्याला लावायची. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक संगणकावर हवं, लायसन्सही संगणकामागे. शिवाय फोनची लाइनही एकच, आणि तिचं दुसरं टोक प्राचार्यांच्या टेबलावर. त्यांनी घरी जेवायला काय आहे हे विचारायला रिसीव्हर उचलला, की इकडे जोडणी खलास. इंटरनेट बंद का पडलं म्हणून सर्वांत आधी तेच ओरडायचे.

पण हे सगळं मी सोसलं असतं. त्यानंतरचं वाक्य मात्र अजून घशाखाली उतरत नाही.

"सर, राग मानू नका. मी नेटवर बघितलं. हे तर विंडोजमध्ये फुकटच यायचं. मग तुम्ही विकत कशाला घेतलंत?"

फुकट! ज्याला १९९६ मध्ये फोनचं बिल भरावं लागलं नाही, त्यानं मला फुकट शिकवावं! विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं ते मोठ्या शहरांत. आमच्या गावातून पुण्याला एसटीडी लावावी लागे. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून मी अकरानंतर कॉलेजात. पहारेकऱ्याला वाटायचं माझं घरी पटत नाही.

आणि विंडोज कुठलं? आमचे संगणक ४८६, त्यावर विंडोज ३.१. त्यात टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटवर बोलायची भाषाच नव्हती, डायल-अप कुठून येणार? ते आलं विंडोज ९५ मध्ये. त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असायचं, चार एमबी रॅम पुरेल. आमच्याकडे नेमकी चार एमबी होती. एका संगणकावर टाकून पाहिलं. यंत्र सुरू करून मी चहाला जायचो आणि परत यायचो तरी हार्डडिस्क कुरकुरतच असायची. म्हणजे हे फुकटचं वापरायला आधी सहा विंडोज विकत घ्या, सहा संगणकांची रॅम वाढवा. त्यावेळचे रॅमचे भाव त्या मुलाला सांगितले असते तर त्यानं माझ्यावर चौकशीच लावली असती.

बरं, घेतलं असतं. सीडी-ड्राइव्ह एकाही संगणकाला नाही, म्हणजे फ्लॉपीवरची आवृत्ती. तेरा फ्लॉप्या, त्यातली अकरावी हमखास खराब. आणि पलीकडच्या सर्व्हरला नाव-पासवर्ड आपोआप सांगणारी स्क्रिप्टची सोय होती ती सीडीवरच, एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये. फ्लॉपीवाल्यांनी काय करायचं? दर वेळी फोन लागला, की काळ्या खिडकीत सगळं हातानं टंकायचं, एसटीडीचा मीटर पळत असताना. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून वेगळं घेतलं. ट्रम्पेट विनसॉक. टास्मानियातल्या विद्यापीठात काम करणाऱ्या पीटर टॅटम नावाच्या माणसानं लिहिलेलं, शेअरवेअर, म्हणजे आधी वापरून बघा, मग पैसे पाठवा, पंचवीस डॉलरचं. विंडोज ३.१ वाल्या निम्म्या जगाला त्यानं इंटरनेट दाखवलं. मासिकांनी ते आपल्या डिस्कवर घालून वाटलं, लोकांनी मनसोक्त वापरलं आणि पैसे द्यायचं सोयीस्कर विसरले. आम्ही नाही विसरलो. आम्ही तीन दरपत्रकं मागवली, तुलनात्मक तक्ता केला आणि पक्की पावती घेऊन सहा नग विकत घेतले. विक्रेत्यानं आमच्या पैशातला एक डॉलर तरी टास्मानियाला पाठवला असेल तर मी नाव बदलीन. पण पावती आहे. ज्यांनी कॉपी मारली ते सगळे सुखानं निवृत्त झाले आणि पेन्शन खात आहेत.

माझ्यासमोर त्याच्याच टेबलावर विंडोज ११ चा नवाकोरा संगणक होता. मी सेटिंग्जमधलं नेटवर्कचं पान उघडलं. तिथे अजूनही 'डायल-अप' असा रकाना आहे. "हा घ्या नग. मारा टिकमार्क."

त्यानं वाकून पाहिलं. "हे विंडोजचं आहे सर. याची नोंदच नाही."

म्हणजे ज्याची नोंद नाही ते इतकी वर्षं राजरोस नांदतंय आणि त्याचा हिशोब कुणी मागत नाही. मी पावती घेतली, म्हणून माझ्या मागे भांडार विभाग.

"हे बघा," मी आवाज चढवून म्हणालो, "ते सहा संगणक तुमच्याच खात्यानं भंगारात काढले. सॉफ्टवेअर त्यांच्या हार्डडिस्कवर होतं. ते त्यांच्याबरोबर गेलं."

तो गंभीर झाला. "मग भंगारवाल्याला जास्तीचा माल गेला सर. तेव्हा पैसे फक्त संगणकांचे घेतलेत."

शेवटी मीच तडजोड सुचवली. घसारा वजा जाता आज नगाची पुस्तकी किंमत एक रुपया. सहा रुपये मी खिशातून भरतो. तो चटकन तयार झाला, पण रोख रक्कम घेत नाहीत. पोर्टलवर भरायची, 'प्रयोगशाळा मोडतोड' या शीर्षाखाली. ते शीर्ष विद्यार्थ्यांसाठी आहे आणि पहिल्याच चौकटीत पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, टाकावा लागतो. माझ्याकडे कुठला असणार?

"एक मार्ग आहे सर," तो म्हणाला. "एखाद्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला प्रवेश घ्या, म्हणजे पीआरएन मिळेल. 'संगणकाची तोंडओळख'मध्ये अजून जागा आहेत."

अर्ज मी आणला आहे. सोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा आहे, मूळ प्रत. ती माझ्या सेवापुस्तकात आहे आणि ना-देय झाल्याशिवाय सेवापुस्तक कुणी हातात देत नाही.