गणपतराव देशमुख आणि सांगोल्याचं पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की आबासाहेबांवरचा, म्हणजे सांगोल्याचे आमदार राहिलेल्या गणपतराव देशमुखांवरचा माझा लेख म्हणजे नुसती आरती झालीय, एसटीनं फिरणारा आमदार म्हणून किती दिवस कौतुक करायचं, अकरा वेळा निवडून दिलं तरी सोलापूर जिल्ह्यातला आपला सांगोला दुष्काळी तो दुष्काळीच राहिला. शिवाय मी 'सलग अकरा वेळा' लिहिलं ते चूक आहे.

चूक आहेच, दुरुस्त करतो. १९६२ ला पहिल्यांदा आले, १९७२ ला पडले, ७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले आणि १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून पुन्हा पडले, तेही फक्त १९२ मतांनी. पण माझं म्हणणं इथंच सुरू होतं बघा. सांगोल्याची जनता जर आंधळी भक्त असती तर त्यांना दोनदा घरी बसवलं असतं का? २०१९ ला ते स्वतः उभे राहिले नाहीत, नातू उभा राहिला तर तोही ७६८ मतांनी पडला, म्हणजे नाव बघून कुणी ठप्पा मारत नव्हतं. आणि ९५ ला पडल्यावर वय सत्तरीला टेकलेलं, त्यांचा शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) आटत चाललेला, तरी हा माणूस पक्षाचा लाल बावटा सोडून सत्तेतल्या पक्षात गेला नाही, ९९ ला त्याच बावट्याखाली परत निवडून आला.

एसटीचं तुमचं बरोबर आहे, एसटीनं फिरून विहिरीला पाणी लागत नाही. माझ्या लेखात ते जास्त झालं आणि पाण्याचं कमी पडलं. टेंभू योजना म्हणजे कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं पंपानं वर चढवत आपल्याकडं आणायचं, त्याला मंत्रिमंडळाची मंजुरी लागते, दरवर्षी बजेटमधे पैसे लागतात, विजेचं बिल लागतं. १९७८ आणि ९९ चं थोडं मंत्रिपद सोडलं तर आबासाहेब जवळजवळ कायम विरोधात, त्यांच्या हातात काय तर सभागृहातले प्रश्न आणि बाहेर नागनाथअण्णा नायकवडींबरोबरची आटपाडीची पाणी परिषद, म्हणजे दुष्काळी भागासाठी पाणी मागणारी चळवळ. ते दोन्ही त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

उशीर झाला हे मी नाकारत नाही, कसं नाकारू. २०१३ ला माझा मामा दोन म्हशी घेऊन चारा छावणीत राहत होता, पत्र्याखाली, उसाच्या वाड्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, जनावरं जगवत. इकडं मामी टँकरचं पाणी बादलीनं डाळिंबाच्या एकेका आळ्यात ओतायची, बाग जळू नये म्हणून. अर्धी गेलीच. त्याच मामानं २०१४ ला आबासाहेबांनाच मत दिलं, म्हणाला पाण्याचं नाव काढणारा दुसरा कोण हाय.

तुमच्या गावात अजून पाणी पोचलं नसेल तर गावाचं नाव लिहा, पुढचा लेख त्यावरच लिहितो.