बायको माणसाळवण्याची पादुआ पद्धत

लग्नाळू वाचकहो, मुलगी कशी आहे हे विचारत बसू नका. हुंडा किती, ते विचारा. शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू'चा नायक पेत्रुकिओ पैसेवाली बायको करायलाच इटलीतल्या पादुआत आलोय, असं उघड सांगतो. सौदा ठरतो: रोख २०,००० क्राउन, शिवाय सासऱ्यामागे अर्धी जमीन. नवरी कॅथरिनाची नि त्याची गाठ अजून पडायची आहे, पण ती किरकोळ बाब.

गाठ पडल्यावर ती नाही म्हणेल, एक ठेवूनही देईल. बिचकू नका. बापाला सांगा, "आमचं एकांतात ठरलंय, चारचौघांत तिने असंच फणकारायचं." आता ती जितकी ओरडेल तितका होकार पक्का! थोरलीचं झाल्याशिवाय धाकट्या बियांकाचं करायचं नाही, असं बापानेच जाहीर केलेलं. तो कशाला खोलात शिरतोय?

लग्नाला उशिरा जा, फाटक्या-जुन्या कपड्यांत जा. जेवणावळीला न थांबता नवरीला उचला आणि मोठ्याने सांगा: ही माझी मालमत्ता, माझं घर, शेत, घोडा, बैल, गाढव. लोक हसतील. हसू द्या. त्या काळच्या इंग्लंडात लग्न लागताच बायकोची चीजवस्तू कायद्यानेच नवऱ्याची व्हायची.

आता मुख्य कृती. ही ससाणा शिकवण्याची रीत, हे पेत्रुकिओ स्वतःच बोलून दाखवतो: उपाशी ठेवायचं, झोपू द्यायचं नाही. ताटात मटण आलं की "करपलंय, याने डोकं तापतं" म्हणून भिरकावून द्या. रात्री उशी एकीकडे, चादर दुसरीकडे. पथ्य एकच, सगळं तिच्या काळजीपोटी चाललंय असं दिसलं पाहिजे. तिच्यावर हात टाकू नका. मार नोकरांना द्या, म्हणजे नाटक विनोदी राहतं. नोकरही तयारीचा हवा. भुकेने कळवळणाऱ्या कॅथरिनाला ग्रुमिओ विचारतो, बैलाचा पाय चालेल? आतडी? मोहरी लावून बीफ? ती हो म्हणते, तर बीफ वगळून नुसती मोहरी देऊ करतो. इथे हशा हमखास.

मग भर दुपारी "काय चंद्र पडलाय!" म्हणा. तिलाही चंद्र दिसला की माहेरी न्यायला हरकत नाही. तिथे मेजवानीत नवरे पैज लावतात, कुणाची बायको हाकेसरशी येते. बोली २० क्राउनवरून १०० वर जाते. तुमची येईल, वर चाळीसेक ओळी पतिसेवेवर बोलेल. सासरा खूश होऊन आणखी २०,००० मोजेल.

वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी हे नाटक मराठीत आणलं ते 'त्राटिका' नावाने. रामाने मारलेल्या राक्षसिणीचं नाव मिळालं उपाशी राहिलेलीला. भांडखोर बाईला आपण अजून तेच म्हणतो. उपाशी ठेवणाऱ्यासाठी मात्र शब्द सापडलेला नाही.

एक धोका तेवढा सांगून ठेवतो. जॉन फ्लेचर या नाटककाराने पुढे याचं उत्तर म्हणून नाटक लिहिलं. त्यात कॅथरिना वारलेली आहे. पेत्रुकिओची दुसरी बायको मारिया लग्नाच्या रात्रीच बायकांची फौज घेऊन माडीवर कडी लावून बसते. दाणागोटा तिने आधीच वर चढवलेला असतो.