पूर्वी म्हणे युद्ध फक्त सैनिकांचं असायचं

एक फॉरवर्ड फिरतोय, की पहिल्या महायुद्धापर्यंत लढाई रणांगणावरच व्हायची, नियम पाळले जायचे, सरकारं आपल्या जनतेला जपायची आणि झळ बसलीच तरी गावं चार दिवसांत सावरायची. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं स्कारबरो हे गाव याच महायुद्धात होरपळलं, त्यावरच हे ताडून बघू.

रणांगणावरच? 16 डिसेंबर 1914, सकाळी आठच्या सुमारास दोन जर्मन युद्धनौका किनाऱ्याजवळ आल्या आणि जवळपास अर्धा तास गावावर तोफा डागत राहिल्या. एका घराच्या दारात पोस्टमन टपाल देत होता, आतली मोलकरीण ते घ्यायला आलेली, दोघंही तिथेच गेले. 14 महिन्यांचं एक तान्हं बाळही गेलं. लोक हाताला लागेल ते घेऊन स्टेशनकडे पळत सुटले. त्याच सकाळी व्हिटबी आणि हार्टलपूलवरही मारा झाला, तिन्ही गावं मिळून शंभरावर माणसं मेली.

नियमांचं म्हणाल तर 1907 च्या हेग करारात, म्हणजे युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, संरक्षण नसलेल्या बंदरांवर तोफा डागायला बंदी होतीच की, आणि स्कारबरोत उलट मारा करायला एकही तोफ नव्हती. हार्टलपूलला होत्या, त्यांनी प्रत्युत्तरही दिलं, म्हणजे ते गाव कायद्याने टार्गेट ठरतं असं कोणी म्हणेलही, म्हणू दे बापडे, पण गोळे घरांवर पडले त्याचं काय.

आता जनतेला जपण्याचं. ब्रिटिश नौदलाने जर्मन बिनतारी संदेश फोडले होते, जहाजं बाहेर पडणार हे त्यांना कळलं होतं, नेमकी कुठे जाणार ते माहीत नव्हतं. मग प्लॅन काय, तर परतताना गाठायचं! खराब हवेत ती जहाजंही निसटली. नंतर सरकारने ‘स्कारबरो आठवा’ अशी पोस्टर्स छापून सैन्यभरती मात्र जोरात केली.

आणि ते चार दिवस, खरा घोळ इथे आहे. तोफा थांबल्या पण त्याच सकाळी एका जर्मन क्रूझरने (वेगवान युद्धनौकेने) किनाऱ्याजवळ सुरुंग पेरून ठेवले होते, म्हणजे ज्या समुद्रावर गावाची चूल पेटायची तोच धोक्याचा झाला. सुरुंग काढायला कोण गेलं, तर मासेमारीचेच ट्रॉलर, आणि त्यावर बरेचसे मच्छीमारच, त्यातले काही ट्रॉलर सुरुंगांनीच बुडाले. मग सप्टेंबर 1916 मध्ये एका जर्मन पाणबुडीने स्कारबरोचे एक-दोन नाही, कितीतरी ट्रॉलर एका झटक्यात बुडवले. खलाशांना आधी उतरवून घेतलं होतं म्हणून जीव वाचले, पण बोटच गेली म्हटल्यावर मालकाचा पैसा बुडाला, खलाशांचा वाटा बुडाला, बंदरावर मासळी सोलणाऱ्या-विकणाऱ्या बायकांच्या हाताचं कामही गेलं. आणि हे तोफा थांबल्यावर पावणेदोन वर्षांनी.