परदेशातून : साठीच्या आत आजारी पडणाऱ्यांचं काय?

दरवर्षी नीटचा निकाल लागला की आमच्या जुन्या नर्सिंग बॅचच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो, कट ऑफ किती लागला, कुणाला किती मार्कांवर सीट मिळाली, मेरिटचं काय, मग गाडी मराठा-ओबीसीवर येते आणि दोन-तीन जणी ग्रुप सोडून जातात. अशाच एका वादात एका मैत्रिणीनं मला न्यूझीलंडमधल्या ऑकलंडची जून २०२३ ची बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, "बघ, तुमच्याकडेपण सुरू झालं." बातमी अशी होती की ऑकलंडमध्ये ऑपरेशनच्या वेटिंग लिस्टवर पेशंटचा नंबर लावताना तेव्हा पाच गोष्टी बघत होते. आजार किती गंभीर, किती दिवस थांबलाय, राहतो कुठे, परिस्थिती किती गरिबीची, आणि वंश कोणता. म्हणजे माओरी (इथले मूळचे) आणि पॅसिफिक (आसपासच्या बेटांवरून आलेले) पेशंट थोडे वर सरकत. इथेही त्यावरून प्रचंड गदारोळ झाला, आणि वाद घालणाऱ्यांची वाक्यं अगदी आपल्या ग्रुपवरच्यासारखीच होती, फक्त इंग्रजीत.

मी साऊथ ऑकलंडमध्ये कम्युनिटी नर्स आहे, मूळची अमरावतीकडची. माझे बहुतेक पेशंट सामोअन, टोंगन, कुक आयलंड्सचे, निऊएचे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी बातमीतला नाही, रोजच्या कामातला आहे, आणि त्याचं उत्तर व्हॉट्सअॅपवर दोन ओळींत देता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

आधी एक साधं उदाहरण घेऊ. न्यूझीलंडमध्ये आतड्याच्या कॅन्सरची सरकारी तपासणी आहे, घरी किट येतं, शौचाचा नमुना घेऊन परत पाठवायचा, दर दोन वर्षांनी, पूर्ण फुकट. वय ठरवलं होतं ६० ते ७४, सगळ्यांना तेच. ऐकायला किती बरोबर वाटतं ना, ना जात ना वंश, फक्त वय. पण माओरी आणि पॅसिफिक लोकांना हा कॅन्सर होतो तेव्हा तो साठीच्या आतच होण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि त्यांचं सरासरी आयुष्यही युरोपियन वंशाच्या लोकांपेक्षा काही वर्षांनी कमी. म्हणजे किट दारात येईपर्यंत ज्याला गाठायचं तो निघून गेलेला असतो. म्हणून २०२२ मध्ये आधीच्या सरकारनं या दोन गटांसाठी वय ५० वर आणायचं ठरवलं, पुढे नवीन सरकारनं ते रद्द केलं आणि मार्च २०२५ मध्ये सगळ्यांसाठी ५८ जाहीर केलं. सरकारचं म्हणणं असं की एकूण आकडा बघितला तर यातून जास्त लोक वाचतील. असेलही. पण ५० ते ५८ मधले जे आहेत त्यांचं काय हा प्रश्न त्या एकूण आकड्यात दिसतच नाही, आणि ते लोक मला कामावर रोज दिसतात. सप्टेंबर २०२४ मध्ये तर मंत्रिमंडळाचं परिपत्रकच निघालं की सेवा गरजेवर द्या, वंशावर नको. मला गरजेबद्दल वाद घालायचाच नाहीये, माझं म्हणणं एवढंच की गरज मोजताना वंश काढून टाकला तर इथे गरज नीट मोजलीच जात नाही.

पॅसिफिक लोक म्हणजे नेमके कोण हे आपल्याकडे फारसं माहीत नसतं. माओरी इथले मूळचे, आणि पॅसिफिक म्हणजे सामोआ, टोंगा, कुक आयलंड्स, निऊए, टोकेलाऊ, फिजी अशा बेटांवरून आलेले, बहुतेक दुसऱ्या महायुद्धानंतर, कारण इथल्या कारखान्यांना माणसं हवी होती. २०२३ च्या जनगणनेत ते साडेचार लाखांच्या आत-बाहेर, लोकसंख्येच्या नऊ टक्क्यांच्या आसपास. माणसं हवी होती तोवर सगळं गोड होतं, सत्तरच्या दशकात मंदी आली आणि पोलीस पहाटे दारं ठोकून व्हिसा तपासायला लागले, घरातली पोरं झोपलेली असताना. मुदत संपलेल्यांमध्ये ब्रिटिश आणि अमेरिकनही भरपूर होते पण दारं यांचीच ठोकली गेली. सरकारनं त्याची जाहीर माफी मागितली ती १ ऑगस्ट २०२१ ला, जसिंडा आर्डर्न पंतप्रधान असताना. आता सांगा, ज्या आजीनं ते दार ठोकणं ऐकलंय तिच्या घरी मी गळ्यात ओळखपत्र घालून, हातात फॉर्म घेऊन गेले की ती माझ्याकडे कशी बघणार? "हो सिस्टर, हो सिस्टर" म्हणेल आणि गोळ्या घेणार नाही.

इथलं नर्सिंग मला आवडलं ते याच्यामुळे, की त्या "हो"वर विसंबायचं नाही हे अभ्यासक्रमातच आहे. इरिहापेती रॅम्सडेन नावाची माओरी नर्स होती, २००३ मध्ये गेली. तिनं आणि तिच्या बरोबरीच्यांनी अशी मांडणी केली की पेशंटची संस्कृती पाठ करून काही होत नाही, नर्सनं आधी स्वतःकडे बघायचं, मी कुठून आले, माझ्या हातात कोणती सत्ता आहे, माझे कोणते समज मी वॉर्डात घेऊन येते. आणि सेवा सुरक्षित वाटली की नाही हे ठरवणार पेशंट, आपण नाही. १९९२ मध्ये नर्सिंग कौन्सिलनं ते शिक्षणात सक्तीचं केलं आणि लगेच पेपरांत आरडाओरडा सुरू झाला, की हे काय राजकारण शिकवताय, नर्सना इंजेक्शन द्यायला शिकवा. वाद संसदेच्या समितीपर्यंत गेला. तरी टिकलं.

पॅसिफिक लोकांची स्वतःचीही एक मांडणी आहे, फोनोफाले, मूळच्या सामोअन आणि स्वतः मेंटल हेल्थ नर्स असलेल्या फुइमाओनो कार्ल पुलोटू-एन्डेमन यांनी केलेली. सामोअन घराचं चित्र. पाया म्हणजे कुटुंब, छप्पर म्हणजे संस्कृती, मधे चार खांब, शरीर, मन, अध्यात्म आणि चौथ्यात बाकीचं सगळं, म्हणजे वय, लिंग, पैसा वगैरे. आणि घराभोवती काळ, परिसर, परिस्थिती. आपण हॉस्पिटलवाले त्यातला एक खांब धरून बसतो.

कामात हे कसं उतरतं ते सांगते. टोंगन कुटुंबात मोठ्या झालेल्या भाऊ-बहिणीत एक पाळायचं अंतर असतं, काही विषय एकमेकांसमोर निघतच नाहीत. बहिणीला पाळीचा त्रास आहे, इंग्रजी येत नाही, सोबत भाऊ आलाय, आणि घाईत कुणी त्यालाच विचारायला सांगितलं तर ती "काही नाही" म्हणणार आणि भाऊ खाली बघणार, तपासणी संपली. इथे दुभाषी मागवायचा, बाई दुभाषी, फोनवर का होईना. आपल्याकडे सुनेच्या अंगावरून जाण्याबद्दल सासू उत्तर देते आणि केस पेपरवर तेच लिहिलं जातं, ते आठवून बघा. किंवा बाळंतपणानंतर इथे विचारतात की वार (प्लॅसेंटा) घरी न्यायची का, कारण माओरी आणि बऱ्याच पॅसिफिक कुटुंबांत ती जमिनीत पुरतात. आमच्या आजीच्या पिढीत गावाकडे वार पुरतच होते की. हॉस्पिटलात बाळंतपणं व्हायला लागली आणि ते बंद झालं, कुणी विचारलंच नाही.

पण मला इथल्या लोकांशीही भांडायचंय थोडं. संस्कृती संस्कृती करत बसलं की पैशाचं बोलणं राहून जातं. संधिवाताचा ताप घ्या, घसादुखीपासून सुरू होतो आणि हृदयाच्या झडपा खातो. इतक्या श्रीमंत देशात तो अजून आहे आणि होतो जवळपास फक्त माओरी आणि पॅसिफिक पोरांना. कारण काय, तर थंड ओलसर घरं, एका खोलीत पाच-सहा जण, आणि घसा दुखला म्हणून डॉक्टरकडे न्यायला सुट्टी न मिळणारे आईबाप. एकदा झाला की दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, निदान दहा वर्षं. दुखतं ते, पोरं रडतात, मोठी पोरं टाळतात. ही इंजेक्शनं आम्ही शाळेत, घरी, कधी नोकरीच्या जागी जाऊन देतो. पोराशी सामोअनमध्ये दोन शब्द बोलले तर त्याला बरं वाटतं हे खरंच आहे, पण घर कोरडं असतं तर इंजेक्शनच लागलं नसतं. तसंच, विमानतळावर रात्रपाळी करणाऱ्या माणसाला सकाळी दहाची अपॉइंटमेंट पोस्टानं पाठवायची आणि तो आला नाही की "गैरहजर" लिहायचं, वर म्हणायचं त्यांच्या संस्कृतीत वेळेचं महत्त्व नाही. याचा मला मनापासून राग येतो.

हा राग आला की मला बीडच्या ऊसतोड बायका आठवतात. एक दिवस काम बुडालं तर खाड्याचे पैसे कापले जातात, म्हणून पाळीचा त्रास नको, म्हणून गर्भाशयच काढून टाकलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, पाहणीत तेरा हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यावर आपल्याकडे चर्चा झाली ती बायकांच्या अज्ञानाची आणि डॉक्टरांच्या लालचीपणाची, उचल आणि खाडा यावर फार थोडी. तीच गोष्ट मेळघाटातल्या डंब्याची. बाळाचं पोट फुगलं की गरम विळ्यानं चटके देतात, भयंकर आहे, थांबलंच पाहिजे, त्याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. पण दर वेळी बातमी येते, अघोरी प्रथा म्हणून मथळा लागतो, म्हातारीवर गुन्हा दाखल होतो, आणि पुढची आई चटके द्यायचं थांबवत नाही, दवाखान्यात यायचं थांबवते.

विश्वास तुटला की काय होतं ते सामोआनं २०१९ मध्ये बघितलं. २०१८ च्या जुलैमध्ये सवाई बेटावर गोवरची लस पाण्याऐवजी चुकून भुलीच्या औषधात मिसळली गेली, दोन बाळं गेली. लसीकरण काही महिने थांबलं, सुरू झालं तरी आया येईनात. त्यात ऑकलंडमध्ये गोवरची साथ आली आणि ती विमानानं तिकडे गेली. दोन लाखांच्या देशात ८३ मेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. आणि हे पहिल्यांदा नव्हतं, नोव्हेंबर १९१८ मध्ये तालुने नावाचं जहाज ऑकलंडहूनच इन्फ्लुएन्झा घेऊन गेलं होतं, न्यूझीलंडच्या प्रशासनानं ते धक्क्याला लागू दिलं आणि सामोआतली पाचातली एक व्यक्ती गेली. शेजारच्या अमेरिकन सामोआनं बंदर बंद ठेवलं, तिथे एकही मृत्यू नाही. हे माझ्या पेशंटच्या घरात माहीत असतं, फोटो असतात पणजोबांचे. त्यांना "लसीला घाबरता का" असं दरडावून विचारायचा मला काय अधिकार आहे?

आपल्याकडेही वेगळं करून दाखवलंय लोकांनी. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी शोधग्राम उभं करताना आदिवासींनाच विचारलं की हॉस्पिटल कसं हवं, आणि मोठी इमारत सोडून झोपड्यांसारखं, नातेवाईकांना सोबत राहता येईल असं, दंतेश्वरी देवीच्या नावानं बांधलं. गावातल्याच बायकांना नवजात बाळं सांभाळायला शिकवलं, बालमृत्यू कमी झाले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणजे न्यूझीलंडहून काही आणायची गरज नाहीये. फक्त लोकांना विचारून हॉस्पिटल उभं करणं एका संस्थेपुरतं राहिलं, सरकारी दवाखान्याच्या नर्सला ते कुणी शिकवलं नाही. आम्हाला जात हा धडा सोशॉलॉजीत होता, व्याख्या लिहायची, दहा मार्क. माझी स्वतःची जात घेऊन मी वॉर्डात जाते, आणि कुणाच्या खाटेपाशी जास्त वेळ थांबते, कुणाला अगं-तुगं करते, यावर कधी एक तासही झाला नाही.

आणि आपल्या इथल्या भारतीय लोकांबद्दलही बोललं पाहिजे. पार्टीत ऐकते मी, "आपण कष्ट करून वर आलो, यांना काय झालंय?" आपण व्हिसाच्या पॉइंटांवर निवडून आलोत, डिग्री घेऊन, तिकीट काढून. ते कारखान्याच्या पट्ट्यावर उभं राहायला बोलावले गेले होते. ही तुलनाच चुकीची आहे. इथल्या नर्सेसमध्ये चाळीस टक्क्यांहून जास्त बाहेर शिकून आलेल्या, त्यात आपण भारतीय भरपूर, आणि पॅसिफिक नर्स चारेक टक्के, म्हणजे लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याच्या निम्म्याही नाहीत. आपण आलो हे चांगलंच झालं, वॉर्ड चालले. पण सामोअन म्हाताऱ्याला सामोअन नर्स भेटावी ही सोय आपल्या येण्यानं होत नाही.

म्हणून राखीव जागांचा वाद मला आता खाटेवरून दिसतो. ऑकलंड युनिव्हर्सिटीत माओरी आणि पॅसिफिक मुलांसाठी मेडिकलचा वेगळा प्रवेश १९७२ पासून आहे, त्यावरही इथे दर काही वर्षांनी आपल्यासारखंच रान उठतं. वादात दोन मुलं उभी असतात, सीट मिळालेलं आणि हुकलेलं, पेशंट कुठेच नसतो. मेळघाटातल्या धारणीच्या दवाखान्यात बाळंतपणाला आलेल्या बाईला कोरकू, म्हणजे तिथली आदिवासी भाषा, बोलणारी सिस्टर मिळाली का, हा मला त्या वादातला खरा प्रश्न वाटतो, कारण "पोट कधीपासून दुखतंय" याचं उत्तर त्यावर अवलंबून आहे. आणि नुसती सीट देऊन ती सिस्टर तयार होत नाही. इथल्या त्या योजनेत प्रवेशानंतर जादा शिकवण्या आहेत, मागे पडलेल्याला धरून ठेवणारी माणसं आहेत. आपल्याकडे चिखलदऱ्याची मुलगी अमरावतीला येते, शिष्यवृत्ती वेळेवर जमा होत नाही, इंग्रजीतली अॅनाटॉमी कळत नाही, हॉस्टेलवर तिच्या बोलण्याला हसतात, ती पहिल्या वर्षाला अडकते आणि घरी जाते. मग मेळघाटातली पोस्ट रिकामी राहते, किंवा तिथे अशी कुणी जाते जिला ती बदली म्हणजे शिक्षा वाटते. कॉलेजांनी निदान या मुलींची पहिल्या वर्षाची जबाबदारी घ्यावी, इंग्रजीचे तास, जेवणाचे पैसे, आणि वर्गातल्या बाकीच्या मुलींना शंभर-दोनशे कोरकू शब्द शिकवायचं काम त्यांच्याकडेच द्यावं, मानधन देऊन.