कृष्णेकडे तोंड केलेली एक खोली

वाईच्या आमच्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर एकच विषय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसाठी गावात नव्यानं काही उभारायचं झालं, तर काय उभारावं? कुणी पूर्णाकृती पुतळा म्हणतंय, कुणी रोषणाई आणि संगीताच्या तालावरचं कारंजं. दादाचं म्हणणं, "पाचगणीला जाणारा माणूस वाटेत थांबला पाहिजे, तर त्याला बघायला काहीतरी नको का?"

मी नऊ वर्षं जपानमध्ये, नागोयात राहतो. यंदा आई आली होती, तिला कानाझावाला नेलं. तिथं डी. टी. सुझुकींचं संग्रहालय आहे. झेन हा बौद्ध विचार इंग्रजीतून पाश्चात्त्यांपर्यंत नेणारे हे तत्त्वज्ञ 1870 साली त्याच गावात जन्मले. 2011 मध्ये उघडलेली ही वास्तू वास्तुविशारद योशिओ तानिगुची यांनी रचलेली. पुतळा नाही, ध्वनिफीत नाही. थोडी हस्ताक्षरं, थोडे फोटो, वाचायला पुस्तकं, आणि शेवटी उथळ पाण्यात उभी एक पांढरी चौकोनी खोली. चारी बाजूंना दारं नसलेली मोकळी तोंडं, आत बसायला बाकं. मधूनच पाण्यात एक तरंग उठतो, वर्तुळं करत पसरतो आणि विरतो.

"इथं बघायचं काय रे?" आईनं विचारलं. मग चपला नीट जुळवून ठेवल्यासारखे पाय जवळ घेऊन ती वीस मिनिटं बसली. तिसऱ्या की चौथ्या तरंगानंतर हळूच म्हणाली, "काय लिहिलं होतं यांनी?"

वाईत हा प्रश्न कुणाला पडावा, एवढंच माझं मागणं आहे. पुतळ्यापुढं फोटो निघतो, हार पडतो आणि माणूस गाडीत बसतो. ज्यांनी मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून उभं केलं, त्या तर्कतीर्थांपाशी येऊन काहीच न वाचता जावं, हे मला सहन होत नाही. याच वाईत प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे उपनिषदं शिकायला विनोबा आले होते. एवढी पुण्याई असलेल्या गावाला कारंजं कशाला?

कानाझावाची शांतता मात्र जशीच्या तशी आणू नये. तिथं एक पोर जरा मोठ्यानं बोललं तर त्याच्या आईनं त्याला लगेच बाहेर नेलं. आपल्याकडचा विचार वादातून, शास्त्रार्थातून वाढला. कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर भजन चालू असताना कोपऱ्यात दोन म्हातारे हातवारे करत भांडत असतात, तेही चिंतनच आहे. तो आवाज राहू दे.

पण पाणी? दोन वर्षांपूर्वी आलो तेव्हा घाटावर नाकाला रुमाल लावून उभा होतो. जमतील ते पैसे आधी नदीत येणारं सांडपाणी अडवायला लावा, दादा. उरतील त्यात नदीकडे तोंड केलेली एक साधी खोली बांधू. दगडी बाक, आणि हाताला येतील अशा फळीवर विश्वकोशाचे वीसही खंड. कुलूपबंद कपाटात नकोत. पोरांचे हात लागून पानं मळली तर मळू देत.